दाराच्या फटीतली काडी

आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर एक मुकी बाई बसते, अशी सगळ्या गल्लीची समजूत होती. कपडे मोजून घेणार, खुणेचा दोरा घालणार, कधी मिळतील ते बोटांवर दाखवणार. गिऱ्हाइकं तिच्याशी ओरडून बोलायची, जसं काही मुकी म्हणजे बहिरीही असलीच पाहिजे.

ती माझी थोरली मुलगी. मुकी कसली! लहानपणी तिची टकळी थांबावी म्हणून मी तिच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबायची. पण नवऱ्याच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आली, ती आली तीच गप्प. मागोमाग तो आला. त्याला जावई म्हणायला आता माझी जीभ वळत नाही, म्हणून नुसतं तो. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आमच्या जुन्या दुकानाच्या काचेवर त्याने कोपर टेकवलं आणि हसत हसत इतकं दाबलं की काच तडकली. म्हणाला, "सासूबाई, काच नाजूक आहे तुमची. सांभाळा." मी म्हटलं, मुलगी इथे नाही. "असेल तेव्हा कळवा," म्हणाला, "मला काय, वेळच वेळ आहे."

वेळ आहे म्हणणाऱ्या माणसाला मी घाबरते. चिडका माणूस दमतो. हा दमणारा नव्हता. आम्ही बिऱ्हाड उचललं, यंत्रं मिळेल त्या भावाला विकली आणि लांबच्या या शहरात येऊन नव्या नावाची पाटी लावली. इथे लोक हिला मुकी म्हणू लागले, ते मी चालू दिलं. मुक्या बाईला कोणी विचारत नाही की बाई गं, कुठली तू, नवरा काय करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली माझ्या सुनेने.

सून आवाजाचं काम करते. आधी रेडिओवर नोकरीला होती. तिला कष्टाच्या माणसांच्या गोष्टी करायच्या होत्या, त्यांच्याच तोंडून. बंदरावर क्रेन चालवणारी बाई, शवागारात झाडलोट करणारी, पाय गेल्यावर घरबसल्या कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा. तिथला साहेब म्हणाला, "घामाच्या गोष्टी ऐकणार कोण? लोक घाम विसरायला रेडिओ लावतात. एखादा बंगला टाका, बंगल्यात एखादा खून टाका." सुनेने नोकरी टाकली. मग तिने गोष्टी फोनवरून ऐकवायला सुरुवात केली आणि ऐकणाऱ्यांनाच सांगितलं, आवडलं तर पुढच्या गोष्टीसाठी जमतील तेवढे पैसे घाला. मधे साहेब नाही, जाहिरात नाही.

मी म्हटलं, "भीकच की गं ही. कटोरा तेवढा फोनमधला."

"आई, भिकाऱ्याला पैसे टाकून लोक पुढे जातात," ती इस्त्रीवर पाणी शिंपडत म्हणाली. "हे लोक पैसे टाकून थांबतात."

मला तिथल्या तिथे गप्प करणारी या घरात ती एकटीच. म्हणून तर सून करून आणली.

आणि खरंच थांबले लोक. कुठल्या कुठल्या गावांतले. क्रेनवालीची गोष्ट ऐकून एकीने लिहिलं, माझी आईही उंचावर काम करायची, तिच्याबद्दल कोणी कधी विचारलंच नाही. कुलूपवाल्या म्हाताऱ्याला तर एवढी कुलपं दुरुस्तीला आली की तो सुनेवर वैतागला. मीही इस्त्री करताना ऐकू लागले. मान डोलवत नव्हते, पण ऐकत होते.

अशीच एका दुपारी मी हॉटेलच्या चादरी इस्त्रीच्या तापल्या रोलरमधून काढत होते आणि सुनेच्या फोनमधून आवाज आला, "तो कामाला जाताना दाराच्या फटीत काडेपेटीतली काडी ठेवायचा. मी दार उघडलं तर ती पडणार. संध्याकाळी घरी आला की आधी काडीकडे बघायचा, मग माझ्याकडे."

चादर रोलरमध्ये गोळा होऊन जळायला लागली तरी माझा हात हलेना.

माळ्यावर रजयांचे ढीग असतात. तिथे बाहेरचा आवाज जात नाही आणि आतला बाहेर येत नाही. खाली यंत्रं चालू असताना त्या ढिगांमध्ये बसून सून आणि थोरली या दोघींनी महिनोन्महिने हे आवाज भरायचं काम केलं होतं. माझी मुलगी बोलत होती, आणि आईला सोडून एका यंत्राशी बोलत होती.

"आवाज जाड केलाय मी, आई," सून म्हणाली. "नाव नाही, गाव नाही. कोणी ओळखणार नाही."

"मी ओळखला."

"तुम्ही आई आहात."

"आणि तो नवरा होता," मी म्हटलं.

थोरली जिन्यात उभी होती. मी तिला ओरडणार होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी काहीतरी फोडल्यावर बघायची. भिऊन, पण मान वर करून. तशी तिला बघून किती काळ लोटला होता. मी जळकी चादर उचलली आणि दुसरं काही न सुचून म्हटलं, "पुढचा भाग कधी आहे?"

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते. या घराची एक रीत आहे. ज्या कापडाला आमचा हात लागला त्याला आमचा दोरा लागणार. दोन निळे टाके उभे, त्यांवर एक लाल आडवा. गिऱ्हाइकाची खूण वेगळी असते, ही घराची. नवं शहर, नवी पाटी, पण दोरा तोच. तो बदलायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आपण श्वास बदलतो का?

मला फुकटाचं घेणं जमत नाही. पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी गेलं पाहिजे, मी हट्ट धरला. हॉटेलच्या बाद झालेल्या चादरी होत्या, मऊ झालेल्या. त्यांतली चांगली जागा कापून रुमाल केले, कडा दुमडल्या, खळ घातली, अशी इस्त्री मारली की रुमाल उभा राहील. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोरा. दोन निळे, एक लाल. मुलाने ते मोठ्या टपाल कचेरीतून पाठवले. तिथे सुनेने भाड्याने पेटी घेतली होती, लोकांना काही पाठवायचं तर घराचा पत्ता द्यायला नको म्हणून. एवढी सावध ती. आणि मी हात दाखवून अवलक्षण करून बसले.

रुमाल पोचल्याचे निरोप येऊ लागले. त्यांत एक होता, पैसे घालताना 'गोष्टीच्या शेवटी माझं नाव वाचू नका' असं सांगणाऱ्याचा. रुमालाबद्दल काही नाही. एवढंच लिहिलेलं: काडी खाली की वर?

सुनेने तो वाचून दाखवला आणि थोरली खाली बसली. गोष्टीत तिने फट म्हटलं होतं. कुठली फट ते म्हटलं नव्हतं. मी तिच्याजवळ कान नेला तेव्हा ती कुजबुजली, "वरची काडी फक्त मला माहीत आहे. आणि त्याला."

तेव्हा मला दोरा आठवला.

लग्नानंतर सवयीने तिने त्याच्या एकूण एक शर्टाच्या कॉलरमध्ये आमची खूण घातली होती. तो चेष्टा करायचा, कुत्र्याला पट्टा घालतात तसं म्हणून. म्हणजे आवाज ओळखायची गरजच नव्हती. मी स्वतःच्या हाताने, खळ घालून, इस्त्री मारून, त्याला निरोप धाडला होता की ती आमच्याकडे आहे.

त्या दिवसापासून आमच्या घराचं काय झालं ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. दुकानाच्या दारावरची घंटा वाजली की चौघांच्या माना एकदम वर. मुलगा कपडे पोचवायला जायचा तर रस्त्यापेक्षा मागच्या आरशातच जास्त बघायचा, दोनदा गाडी कठड्याला घासून आणली. थोरलीने स्टूल भिंतीला पाठ लागेल असं सरकवलं. मी घरातल्या काडेपेट्या उचलून टाकल्या आणि गॅसला लायटर आणला. का, ते मला सांगता येणार नाही. नवीन माणूस शर्ट घेऊन आला की मी आधी त्याचं कोपर बघायची.

मग पार्सल आलं.

मुलाने टपालपेटीतून आणलं, काउंटरवर ठेवलं आणि हात मागे घेतला. आत पुरुषाचा शर्ट, राखाडी, धुऊन घडी केलेला. चिठ्ठी नाही. खिशात काडी. मी कॉलर उलटली. दोन निळे, एक लाल. ते टाके मी कुठेही ओळखले असते. शेवटचा टाका डावीकडे ओढते थोरली, किती सांगितलं तरी.

"झालं," मुलगा म्हणाला. "शहर कळलं त्याला. आज पेटी, उद्या पाटी. आता रडत बसायची वेळ नाही, सामान बांधा."

"मी रडत नाहीये," सून म्हणाली. ती रडत होती.

"तू बोलूच नकोस! लोकांचे पैसे परत कर, ते गोष्टीचं दुकान बंद कर. हजार माणसं ऐकतात म्हणून उड्या मारत होतीस. त्या हजारांत तो एक असणार हे कळत नव्हतं? चार ओळखीच्यांना ऐकवलं असतं तर चार जणांनीच ऐकलं असतं."

"चार ओळखीच्यांनी तर कधी ऐकलंच नाही!" सून म्हणाली. "ती लग्नानंतर दोनदा घरी आली होती. हाताला भाजलं होतं. कोणी विचारलं? तुम्ही विचारलंत?"

ते माझ्यावरही होतं, आणि मला समजलं.

थोरलीने शर्ट जवळ ओढला. मला वाटलं फाडणार. तिने कॉलर खिडकीच्या उजेडात धरली, बोट फिरवलं, मग आणखी खाली, पाठीच्या शिवणीच्या आत. तिथे आणखी एक खूण होती. दोन उभे टाके, एक आडवा. पण तिन्ही काळ्या दोऱ्याचे, वेडेवाकडे, एक सुटत आलेला. नवे.

"हे माझे नाहीत," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मुलाने पटकन दाराकडे बघितलं. "माझ्यासारखे काढायला बघितलेत कोणीतरी. आई, तो हातात सुई धरेल?"

"कोणाकडून करून घेतले असतील," मुलगा म्हणाला. "जाळं असेल, ताई."

"असेल. पण मग घरात शिवून देणारी आहे ना कोणीतरी."

मला थंडी वाजली. लाँड्रीत, भर वाफेत. त्याने दुसरी आणली होती.

"मी खालची काडी परत जशीच्या तशी ठेवायची," थोरली म्हणाली. "तरी त्याला कळायचं. कितीदा मार खाल्ला तेव्हा वरची सापडली. मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर?"

मुलगा म्हणत होता तेही खोटं नव्हतं. उत्तर दिलं आणि विचारणारा तोच निघाला, तर मुलगी आमच्याकडे आहे यावर आम्हीच शिक्का मारणार. नाही दिलं, आणि विचारणारी ती असली, तर ती आज ना उद्या पकडली जाणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. या घरात शेवटचं मी बोलते, याचा मला आयुष्यभर अभिमान. त्या दिवशी तो कोणाला दान द्यावासा वाटला.

"तिला एकटीलाच निरोप धाडता येईल?" मी सुनेला विचारलं.

"तिचा फोन तो बघत असेल तर? गोष्टीत घातलं तर ते सगळ्यांसाठी असेल, आई. तिच्यासाठी आहे हे तिलाच कळेल."

"मग घाला गोष्टीत," मी म्हटलं. "आणि तू," मुलाला म्हटलं, "सामान बांधूनही ठेव. दोन्ही करू."

त्या भागाच्या वेळी मी माळ्यावर गेले. रजयांच्या ढिगात तिघी बसलो, गुडघ्याला गुडघा. थोरली म्हणाली, "काड्या दोन असतात. खालची सापडावी म्हणून ठेवलेली असते. वरची पकडण्यासाठी, बिजागरीच्या वर, डोकं मोडलेली, म्हणजे रंग दिसत नाही. आधी वरची काढा, मग खालची. ठेवताना उलट." तिने पुढचं आमच्याशी ठरवलं नव्हतं. "त्या मुलीने पार्सल पाठवलं होतं ना, एक दिवस ती त्याच टपाल कचेरीत गेली. तिथे बाकावर एक आई बसलेली होती. रोज दुपारी बसायची. हातात निळा-लाल दोरा घातलेला रुमाल."

सुनेने यंत्र थांबवलं. "ताई, अशी कुठे आई असते?"

"आता असेल," मी म्हटलं. गोष्टीत बसवलं म्हटल्यावर बसणं आलं.

तो भाग गेला आणि माणसं लिहू लागली. मला वाटलं होतं असा नग जगात एकच. एकीने लिहिलं, आमच्याकडे उंबऱ्यावर पावडर पसरून जातात. एकीकडे दाराला केस चिकटवतात. एकीच्या स्कूटरच्या किलोमीटरचे आकडे रोज बघितले जातात. एका म्हातारीने लिहिलं, माझा गेला त्याला बरीच वर्षं झाली, तरी मी दार उघडताना खाली बघते. सून वाचत होती आणि एकेक दार माझ्यासमोर उघडत होतं, आणि प्रत्येकाच्या मागे कोणीतरी श्वास रोखून उभं. त्या रेडिओवाल्या साहेबाला विचारायचं होतं, अहो, ऐकणार कोण म्हणत होतात ना? पण जीभ चालवायचं बळच उरलं नव्हतं. बाई माणूस ऐकते, तिच्या घरातला पुरुषही ऐकत असेल, एवढंच डोक्यात.

मी टपाल कचेरीत बसू लागले. बाक खिडक्यांसमोर, पाठीमागे दार. पाठीमागे दार असणं मला चालत नव्हतं म्हणून मी बाकच फिरवला. तिथला शिपाई म्हणाला, "आजी, बाक असा ठेवायचा नसतो."

"मग कसा ठेवायचा ते तुझ्या साहेबाला लिहून आणायला सांग. तोवर मी बसते."

पिशवीत कपडे ढवळायचं लाकडी दांडकं होतं. मांडीवर रुमाल. तो मला ओळखत होता, हे विसरू नका. माझी मुलगी लपलेली, सून लपलेली, उघड्यावर मी. दार उघडलं की आधी बूट दिसायचे, मग माणूस. करडे बूट, काळे बूट, मातीचे बूट. मी मोठ्या तोंडाची, सगळ्या बाजाराला भांडणात हरवलेली बाई, आणि एका माणसाने नुसतं "अहो" म्हणून हाक मारली तर तोंडातून आवाज फुटेना. त्याला पाकिटाला लावायला डिंक हवा होता.

एक दुपार तर अशी आली की राखाडी शर्टातला एकजण दारातच थांबला आणि आत बघत राहिला. चेहऱ्यावर ऊन मागून येत होतं, चेहरा दिसेना. मी दांडक्याला हात घातला. तो बघत राहिला. मग शिंकला, आणि आत येऊन रांगेत उभा राहिला. कोणी भलताच. मी घरी येऊन अंथरुणात पडले, दुसऱ्या दिवशी जाणार नाही म्हणाले. थोरली म्हणाली, "मग मी जाते." तर मीच गेले.

ती आली तेव्हा मी ओळखलंच नाही. मला वाटलं होतं मार खाल्लेली, केविलवाणी कोणी येईल. ही ठेंगणी, नीट केस बांधलेली, खांद्याला शिवणकामाची पिशवी. पाकिटं विकणाऱ्या खिडकीशी गेली, तिथून परत आली, दाराशी गेली, तिथून परत आली. माझ्या शेजारी बसली, पण मधे एका माणसाची जागा सोडून. तिची एक मूठ मिटलेली होती. नखं पांढरी पडेपर्यंत मिटलेली.

"रुमाल छान आहे," ती समोर बघत म्हणाली.

"धुवायला पाहिजे," मी म्हटलं. "तू एकटीच?"

"एकटीच."

"मागे कोणी?"

"तीन बसा बदलल्या." मग तिने मूठ उघडली. आत दोन काड्या. एक आख्खी, एक डोकं मोडलेली. घामाने ओल्या झालेल्या. "परत ठेवल्या नाहीत आज," म्हणाली.

वाटेत मी आधी एका दुकानात शिरले, मागच्या दाराने निघाले, मग दुसऱ्यात, मागावर कोणी असलं तर चुकावं म्हणून. तिने सगळं सांगितलं. खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहते. मशीन चालवताना गोष्टी मोठ्याने लावते. वरच्या मजल्यावर जमिनीला कान लावून ही ऐकायची. पैसे शिंपिणीने घातलेले, रुमाल शिंपिणीला आलेला. हिने खिडकीतून दोरीने सोडलेल्या पिशवीत घालून शिंपिणीने रुमाल वर पाठवला, हे बघ कसला नीट केलाय म्हणून, तर ही तीच खूण असलेल्या कपाटातल्या जुन्या शर्टांकडे बघत राहिली. वरची काडी असणार हा नुसता तर्क होता तिचा, म्हणून शिंपिणीच्या फोनवरून तो प्रश्न लिहिला, मग शर्टही तिच्याच हाती धाडला. उत्तर मिळाल्यावर एकेक कपडा खाली शिंपिणीकडे नेऊन ठेवला, दर वेळी दोन्ही काड्या जागच्या जागी.

"तुमचा विश्वास कसा बसला?" तिने विचारलं.

"बसला कुठे? मी अजून घाबरलेलीच आहे. चल लवकर."

दुकानात शिरलो तेव्हा काउंटरवर समोरचा केशकर्तनवाला टॉवेल घेऊन उभा होता, नेहमीसारखा ओरडत, "ए मुके! पांढरे वेगळे, हं! वे-ग-ळे!"

थोरलीने आमच्याकडे बघितलं. मग त्या मुलीच्या हाताकडे. स्टूल ढकलून उठली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आलीस? ये. आत ये. हे दार आतून उघडतं."

केशकर्तनवाल्याचे टॉवेल खाली पडले. "अहो, ही... ही बोलते?"

"बोलते," मी म्हटलं. "आणि बहिरी कधीच नव्हती. त्यामुळे इतके दिवस तुम्ही काय काय बोललात ते आठवा घरी जाऊन."

तो गेला. बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत जाणार होती, आणि बातमी कुठे थांबते हे कोणाला सांगता येतं? मुलाने बांधलेलं सामान अजून जिन्याखाली तसंच आहे. सोडलेलं नाही, उचललेलंही नाही. आता काउंटरवर दोघी बसतात, दोघींची पाठ भिंतीला. सून माळ्यावर पावडरवालीची गोष्ट करते आहे, तिच्या स्वतःच्या तोंडून.

घंटा वाजली की पाच माना वर होतात. आधी चारच व्हायच्या.